पाणी चालत येतं

“आधी हात, मग हत्यार.”

घरात शिरल्यावर बूट काढता काढताच ते हे म्हणायचे, आणि अंगातला कोट न उतरवता भिंतीवरच्या, खोली तापवणाऱ्या रेडिएटरपाशी उकिडवे बसायचे. उजव्या हाताची पालथी बाजू आधी वर टेकवायची, मग मध्ये, मग अगदी खाली. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई हात लावते ना, तस्सा. डोळे मिटलेले, तोंडाने नुसतं “हं… हं…” हत्यारांची पिशवी दारातच पडलेली. तिला हात लागायला अजून अर्धा तास तरी असे, आणि तोवर माझ्यासारख्या उतावळ्या बाईचा जीव नुसता वरखाली होत असे.

इथे विलायतेत, क्रॉयडनच्या आसपासच्या मराठी घरांत त्यांना सगळे काका म्हणत. मूळचे मिरजेचे. इथल्या एका हॉस्पिटलच्या बॉयलर हाऊसमध्ये तीस वर्षं काढून रिटायर झालेले. आमच्यातले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणजे वरच्या मजल्यांवर, हे तळघरात. “तुम्ही पेशंट बरे केलेत, मी नुसते गरम ठेवले,” असं हसत म्हणायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याचा नंबर फोनमध्ये नावाने नसतो, कामाने असतो. माझ्या फोनमध्ये ते ‘रेडिएटर काका’ होते. अजून आहेत, काढवत नाही.

नोव्हेंबर उजाडला की त्यांना प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला जाई: “काका, रेडिएटर तापायला एवढा वेळ का लागतो हो?”

“पाणी चालत येतं,” ते म्हणायचे. “धावत नाही.”

मग समजावून सांगायचे, न कंटाळता, दर वेळी पहिल्यापासून. बॉयलर पाणी तापवतो, पंप त्याला ढकलतो, फरशीखालच्या पाइपांतून ते निघतं. वाटेत पहिला रेडिएटर लागतो, तो पोटभर घेतो. मग दुसरा, मग तिसरा. पंक्तीत शेवटच्या पानावर भात येईस्तोवर निवतो की नाही, तसंच शेवटच्या खोलीचं. त्यात कुठे हवा अडकलेली, कुठे गाळ बसलेला. “आणि तुम्ही बटण दाबून लगेच हात लावून बघता. अहो, निघू तरी द्या त्याला घरातून!”

ईस्ट क्रॉयडन स्टेशनजवळच्या उंच टॉवरमध्ये एक आयटीवालं जोडपं राहायचं. थंडी वाजली की फोनवरून हीटिंग तीसवर न्यायचे, लवकर तापावं म्हणून. काकांनी तो फोन हातात घेऊन जरा वेळ बघितला. “वीस सांगा नाहीतर तीस सांगा, पाणी त्याच चालीनं येणार. तीस सांगितलंत तर थांबायचं कधी, तेवढं फक्त विसरेल.” काकांना तिथे मीच गाडीतून नेलं होतं; हे ऐकून मी माझा फोन हळूच पर्समध्ये टाकला, कारण घरी मीही तेच करत होते.

एका मोठ्या सर्जनच्या घरी तर रेडिएटर सापडेचना. शेवटी चामड्याच्या लांबलचक सोफ्यामागे निघाला. “डॉक्टर, तुम्ही खोली नाही, सोफा तापवताय,” काका म्हणाले. सर्जनसाहेबांना लागलं ते. सोफा इटलीहून मागवलाय, म्हणाले. “मग बरोबर आहे. गरम देशातला आहे, त्याला थंडी जास्त वाजत असणार,” असं म्हणत काकांनी एकट्याने तो सोफा वीतभर पुढे ओढला.

दोन नियम त्यांनी कधी मोडले नाहीत. बॉयलरच्या झाकणाला हात लावायचा नाही: “तिथं गॅस आहे, तिथं परवान्याचं कार्डवाला माणूस बोलवा. मी पाण्यातला माणूस.” आणि रेडिएटर खालपासून वरपर्यंत तापल्याशिवाय चहा प्यायचा नाही. कितीतरी घरांत त्यांच्यासाठी ठेवलेला चहा दोन-दोनदा गरम झालेला मी पाहिलाय. आग्रह केला तर म्हणायचे, “त्याचं पोट भरू दे आधी.”

आता माझ्या आईचं सांगते, कारण या माणसाची खरी ओळख मला तिच्यापायी झाली.

माझे बाबा पार उत्तरेकडे, लँकेशायरमधल्या एका छोट्या गावात चाळीस वर्षं डॉक्टर होते. आई तिथल्या शाळेत गोऱ्या पोरांना फिजिक्स शिकवायची. बाबा गेल्यावर ती त्याच घरात एकटी राहिली आणि चांगली राहिली. मग एका सकाळी स्वयंपाकघरात पाय घसरून पडली, आणि दुपारी शेजारची मार्गारेट खिडकीतून डोकावेपर्यंत फरशीवर तशीच पडून होती. हाड मोडलं नाही, नशीब म्हणायचं. पण मी एकुलती एक मुलगी, माझी झोपच उडाली. पुढच्या वेळी मार्गारेट सुट्टीवर गेलेली असली तर? मी हट्टालाच पेटले. ऑक्टोबरात तिला, तिच्या दोन बॅगांना आणि तिच्या देवांना गाडीत घालून आमच्याकडे क्रॉयडनला घेऊन आले.

आई आली, पण अट घालून आली. “संक्रांतीपर्यंत बघते. नाही जमलं तर मला माझ्या घरी सोडायचं. आणि तेव्हा रडारड करायची नाही.” लँकेशायरच्या घराला कुलूप लावून किल्ली तिने पर्समध्ये ठेवली होती. ब्याऐंशी वर्षांची बाई पुन्हा त्या फरशीवर एकटी वावरणार, या विचाराने मला घाम फुटायचा. पण ती म्हणेल तेच करेल, हेही मला ठाऊक होतं. हट्ट माझ्यात कुठून आलाय, हे काही गुपित नाही.

आमच्याकडे गॅरेजची खोली करून घेतलेली होती, शेजारी छोटं बाथरूम. जिना नको म्हणून ती आईला दिली. देवांना मात्र तिथे जागा नव्हती. मग पुढच्या दारातून आत आल्यावर जो पॅसेज लागतो, त्याच्या भिंतीवर माझ्या नवऱ्याने फळी ठोकून दिली. खाली चपलांचं कपाट, वर थर्मोस्टॅट, मध्ये देव. आईने फळी पुसली, वस्त्र अंथरलं, दोन बाजूंना दोन समया ठेवल्या. त्या तिच्या आईच्या. पहिल्याच संध्याकाळी स्मोक अलार्म असा केकाटला की रस्त्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. नवऱ्याने अलार्म सरकवून पार जिन्याजवळ नेला, आणि आपण केवढे हुशार, असे आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो.

नोव्हेंबर लागला आणि आईची खोली गार पडायला लागली. सकाळी आठ-नऊपर्यंत कशीबशी कोमट व्हायची, संध्याकाळी तर विचारूच नका. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. सहाच्या सुमारास घरी यावं तर ही बाई दोन स्वेटर, वर बाबांचा जुना ओव्हरकोट घालून खुर्चीत बसलेली. “मला काय शवागारात ठेवलंयस का गं?” म्हणून विचारायची. “थंडी मला शिकवू नकोस, त्रेपन्न हिवाळे काढलेत या देशात.” आम्ही स्वयंपाकघरात गॅसपाशी, नाहीतर टीव्हीसमोर इलेक्ट्रिक हीटर लावून, आम्हाला काय कळणार?

मी काकांना बोलावलं. आधी हात, मग हत्यार. वरचा भाग गार, खालचा कोमट. “हवा,” ते म्हणाले. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक पितळी किल्ली असायची, बोटभर लांबीची. ती रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात घालून फिरवली, तशी हवा फुसफुसत बाहेर आली. पाण्याचा थेंब येईपर्यंत ते फडकं धरून बसले. दोन दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तेच.

दुसऱ्या खेपेला खालचा भाग गार निघाला. “गाळ.” तो अख्खा रेडिएटर भिंतीवरून काढून मागच्या बागेत नेला आणि आत नळी घातली. काळंकुट्ट पाणी आलं बाहेर. ते पेल्यात धरून मला दाखवत म्हणाले, “हा बघा तुमच्या घराचा काढा.” आई ओव्हरकोटात हात घालून दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

“वहिनी, किती वर्षं इकडं?” त्यांनी तिला विचारलं.

“त्रेपन्न. आणि तुम्ही असं गुडघ्यावर बसू नका चिखलात, सर्दी होईल.”

“शाळेत शिकवायची ती, सवय आहे ऑर्डर सोडायची,” मी म्हणाले.

काका नळी टाकून ताडकन उभे राहिले. “बाई का तुम्ही? अरे बापरे. मग विषय विचारत नाही, भीती वाटते. सगळ्याच विषयांच्या बाईंनी मला नापास केलंय.” आणि आई हसली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा. त्या दिवसापासून त्यांनी तिला वहिनी म्हटलं नाही, बाईच म्हणाले.

तिसरी खेप डिसेंबरात. या वेळी त्यांनी सगळ्या घराच्या रेडिएटरांना हात लावत वरखाली फेऱ्या मारल्या. बॉयलरजवळचे रेडिएटर सगळं गरम पाणी ओढून घेत होते, गॅरेजच्या खोलीपर्यंत पोचायला काही उरतच नव्हतं. तर जवळच्यांचे खालचे व्हॉल्व थोडे थोडे आवळायचे, की लांबच्याला मिळतं. एक आवळायचा, वीस मिनिटं बसायचं, हात लावायचा, मग दुसरा. माझ्या नवऱ्याची घरून काम करायची खोली बरोबर बॉयलरच्या वर आहे. त्याचा रेडिएटर सगळ्यात जास्त आवळला गेला.

“माझंच का कमी?” त्याने कुरकुर केली.

“साहेब, तुम्ही बल्लवाच्या मांडीवर बसून जेवताय,” काका म्हणाले. “जरा लांबच्या पाहुण्यांचं बघू या.”

त्यानंतर सकाळी साडेसातला आईच्या खोलीत छान ऊब यायला लागली. संध्याकाळी मात्र पुन्हा गारठा. काकांना ते फार लागलं. “सकाळी चालत येतं आणि संध्याकाळी रस्त्यात बसतं? असं कसं?” तीन-चारदा फोन करून विचारत राहिले.

आणि नाताळ संपल्यावर एका संध्याकाळी मी पचकले. दिवसभराची ड्यूटी, डोकं उठलेलं, त्यात आई म्हणाली गार लागतंय. मी म्हणाले, “अगं, सगळ्या घराला पुरतं, तुलाच कसं गार लागतं?” तिने बाबांच्या कोटाचं गळ्याजवळचं बटण लावलं आणि खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी बघते तर पलंगावर बॅग उघडून ठेवलेली, तळाला दोन साड्या घडी करून. मला माझ्या तोंडाचा इतका राग आला की सांगता येत नाही. संक्रांतीला पाच दिवस होते.

मी काकांना फोन लावला आणि रडले. हो, रेडिएटरसाठी रडले. ते म्हणाले, “ताई, उद्या दुपारी मी येतो आणि नुसता बसतो.”

ते ट्रॅमने तीन वाजता आले. पॅसेजमध्ये आपलं घडीचं स्टूल टाकलं आणि खरोखर नुसते बसले. पिशवीसुद्धा आणली नव्हती. चारला हीटिंग लागलं, पाइप टकटक करू लागले, पाणी निघालं. साडेचारला अंधारून आलं तशी आई आली. दोन्ही समयांत तेल घातलं, वाती सारख्या केल्या, पाच-पाच वाती लावल्या, हात जोडले. आमच्याकडे समई फुंकून विझवत नाहीत. तेल संपलं की ती आपोआप शांत होते. म्हणजे रात्री साडेआठपर्यंतची निश्चिंती. आई हात पुसत स्वयंपाकघरात गेली, आणि पंधरा-वीस मिनिटांत बॉयलर गप्प झाला. काकांनी वर बघितलं.

मी आले तेव्हा ते तसेच स्टुलावर होते. मला बघून ओठांवर बोट ठेवलं आणि वर दाखवलं. समयांच्या ज्योती, त्यांच्या वर दीड हातावर थर्मोस्टॅट. त्याच्यावर आकडा: चोवीस.

“चुलीपाशी बसलेल्याला विचारलं थंडी आहे का,” ते कुजबुजले, “तर तो काय सांगणार?”

मला कळायला दोन क्षण लागले. घर वीसवर ठेवायचं काम त्याचं; अख्खं घर चोवीस डिग्री आहे, असं समजून तो शहाणा रोज संध्याकाळी बॉयलर बंद करत होता. आम्ही अलार्म सरकवला, आणि हा मठ्ठ डबा तिथेच ठेवला! आधी मला हसू आलं. मग दोन महिन्यांचा सगळा संताप एकदम वर आला. मी स्वयंपाकघराकडे वळले आणि तोंड उघडलं, “आई, अगं ही तुझी…”

“ओरडू नका.” काकांनी चक्क माझी बाही धरली. “एक विचारू? बाईंनी या घरात स्वतःचं म्हणून काय आणलंय?”

“काय म्हणजे… कपडे. देव.”

“मग त्यांना सांगणार, की तुमच्या दिव्यामुळं घर गार पडलं? मघाशी खोलीतला रेडिएटर बघायला गेलो, ती बॅग बघितली मी. अर्धी भरलीय, उद्या पुरी भरेल.”

मी बाही सोडवून घेतली, पण तोंड मिटलं.

“देव हलवायचे नाहीत,” ते म्हणाले. “हा हलतो का बघू.” माझ्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला. दोन स्क्रू. थर्मोस्टॅट अलगद हातात आला, मागे वायर नाही की काही नाही, बॅटरीवर चालणारा. अकरा वर्षं मी समजत होते की तो भिंतीत गाडलेला आहे.

तेवढ्यात आई बाहेर आली. आम्ही दोघं चोरी करताना सापडल्यासारखे उभे. काकांच्या एका हातात थर्मोस्टॅट, दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर.

“काय काढताय?”

काकांना खोटं बोलायची अजिबात सवय नसावी. त्यांचे कान लाल झाले. “हा ना बाई… चुकीच्या जागी होता. पुढचं दार उघडलं की याला बाहेरचा गार वारा लागायचा. त्यानं ते… बॉयलर बंद पडायचा संध्याकाळी. आत डायनिंगमध्ये लावतो, तिकडं वारा नाही.”

आईने त्यांच्याकडे बघितलं. हातातल्या डबीकडे बघितलं. समयांकडे बघितलं. “असं होय,” ती म्हणाली. “मग लावा नीट. आणि आज चहा आधी घ्यायचा, तुमचा नियम गेला खड्ड्यात. आलं घातलंय.”

आणि त्यांनी घेतला. उभ्या उभ्या, मुकाट्याने, गरम गरम.

त्या रात्री आई जेवायला कोट न घालता आली. मी तिच्याकडे बघायचं टाळत भाकरी वाढत राहिले, नाहीतर डोळ्यांतून पाणी आलं असतं.

संक्रांतीला तिने तिळगूळ केला. दिवसभर मी वाट बघत होते की आता म्हणेल, चल, मला सोड. म्हणालीच नाही. बॅग पलंगावरून खाली उतरली, पण कपाटावरही चढली नाही. खोलीच्या दाराशीच उभी राहिली, आणि किल्ली पर्समध्ये. “होळीनंतर बघू,” म्हणाली. मग “जरा ऊन पडू दे.” मग “आता पावसाळी हवा आहे.” मी विचारायची नाही. भीतीच वाटायची, विचारलं तर आठवण व्हायची. उठता बसता त्या बॅगेला पाय लागायचा.

काका दर बुधवारी दुपारी यायला लागले, “बाईंचा रेडिएटर बघायला.” जूनमध्येसुद्धा. जूनमध्ये कसला रेडिएटर! टूटिंगच्या देशी दुकानांतून अळूची पानं आणायचे, कधी काकूंनी दिलेली चटणी. आई त्यांची कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, जायची पत्रं तपासून द्यायची, लाल पेनाने. “बाई, किती मार्क?” “दहापैकी चार. आणि ते सुद्धा अक्षराचे.” मग दोघांची मिरज आणि कोल्हापूर यांवरून भांडणं. आईचं माहेर कोल्हापूरचं, तेव्हा माघार घ्यायचा प्रश्नच नव्हता. मी घरी असले तर मला कुणी विचारायचंही नाही. बाबा गेल्यापासून तिने इतका वेळ कुणाशी भांडलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगते, स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायला बरं वाटायचं.

दुसरा हिवाळा सरत आला होता. मार्चमधल्या एका बुधवारी ते आले नाहीत. चार वाजता काकूंचा फोन आला. दुपारचं जेवण करून खुर्चीत टेकले आणि तिथेच गेले. काही त्रास नाही, कुणाला हाक नाही.

या देशात माणूस गेल्यावरही अपॉइंटमेंट लागते. क्रेमेटोरियमची वेळ मिळायला जवळजवळ तीन आठवडे गेले. त्या दिवसांत आईने गोड खाल्लं नाही. “अगं, आपल्याला सुतक नाही, नात्याचे नव्हते ते,” मी म्हणाले. “मला कळतं,” ती म्हणाली, आणि वाटी बाजूला सारली.

आम्हाला चाळीस मिनिटं दिली होती. हॉल भरून लोक भिंतींना टेकून उभे. हॉस्पिटलातले म्हातारे पोर्टर, दोन-तीन नर्सेस, आयटीवालं जोडपं कडेवर बाळ घेऊन. इटलीच्या सोफ्याचे सर्जनसाहेबही होते, मागे उभे, कुणाकडे न बघता. आई काकूंच्या शेजारी बसली आणि रडली. हुंदके देऊन, सगळ्यांदेखत. बाबांच्या वेळी तिने लोकांसमोर एक थेंब काढला नव्हता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही.

परत येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, “वारा म्हणे!”

“काय?”

“दार उघडलं आणि थर्मोस्टॅटला गार वारा लागला, तर त्याला वाटेल घर गार आहे. बॉयलर जास्त चालेल. बंद कसा पडेल? नववीतलं पोरगंसुद्धा सांगेल.”

“म्हणजे तुला तेव्हाच…”

“सव्वीस वर्षं फिजिक्स शिकवलंय गं मी. खाली दहा वाती जळताहेत, वर तो डबा, आणि यांचे कान लाल. कळायला काय लागतं?”

“मग बोलली का नाहीस?”

“इतकं वाईट खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं.” ती हसायला लागली आणि हसता हसता रुमालाने नाक पुसलं. “पण मला वाईट वाटू नये म्हणून कुणी खोटं बोललं, त्याला किती वर्षं झाली होती. तुझे बाबा बोलायचे. तू तर सगळं खरंच बोलतेस मेली. म्हटलं, असा माणूस आहे या गावात, तर राहून बघू अजून थोडे दिवस.”

पुढे मला रस्ता दिसेना, म्हणून मी गाडी कडेला घेतली. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, “ते घर विकायला काढ.”

“आई, आज नको असलं काही ठरवूस.”

“आजच. इथे माझं माणूस गेलंय आता. मी कुठे जाऊ परत?”

लँकेशायरच्या त्या रिकाम्या घरात पाइप गोठू नयेत म्हणून आम्ही दोन हिवाळे हीटिंग बारा डिग्रीवर चालू ठेवलं होतं. दर रविवारी मार्गारेट जाऊन बघून यायची. आईने पर्समधून फोन काढला, चष्मा लावला आणि तिथेच, गाडीत बसून, तिला फोन लावला. आपल्या त्या उत्तरेकडच्या हेल काढलेल्या इंग्रजीत तिला सांगितलं, की हीटिंग बंद कर. हो, पूर्ण बंद. आणि कुणालातरी बोलावून पाइपांतलं पाणी काढून टाक, आमचं आता कुणी तिथे राहायला यायचं नाही. मार्गारेट पलीकडून काहीतरी म्हणाली. “थँक यू, लव्ह,” आई म्हणाली.

मग फोन पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाली, “चल, काढ गाडी. काकूंकडे पिठलं-भात न्यायचाय, आणि घरी अजून तांदूळसुद्धा धुतलेले नाहीत.”